भिशीची वही आणि सरकारची तिजोरी

मार्च महिना आला की आपल्या कोल्हापूरकर बायकांच्या डोक्यात किती गोष्टी एकदम फिरत असतात बघा! मुलांच्या परीक्षा, वर्षाची चटणी, त्यासाठी मिरच्या वाळवणं, डंकावर नंबर लावणं, सांडगे-पापड, शिवाय ३१ तारखेच्या आत घरफाळा भरणं... या सगळ्या धांदलीत अर्थसंकल्प येतो आणि जातो. केंद्राचा फेब्रुवारीत, आपल्या राज्याचा बहुतेक वेळा मार्चमध्ये. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी चौकट असते. आपण ती वाचतो, गॅसचं काय झालं तेवढं बघतो आणि पान उलटतो.

पण मैत्रिणींनो, अर्थसंकल्प मांडला की काम संपत नाही. खरं काम तिथून पुढं सुरू होतं. मंत्री फक्त मांडतात. मंजूर करतात ते आपण निवडून दिलेले आमदार आणि खासदार. आणि मंजूर करण्याआधी त्यांनी प्रश्न विचारायचे असतात. हा पैसा कशाला? एवढा का? मागच्या वर्षी दिला होता त्याचं काय केलंत? हे प्रश्न खरंच विचारले जातात का, आणि नाही विचारले तर त्याची किंमत कोण मोजतं, यावर आज थोडं बोलूया. विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे.

‘आपण कुठं टॅक्स भरतो?’

राजारामपुरीतल्या आमच्या भिशीत हा विषय निघाला, तेव्हा शेजारच्या काकू पटकन म्हणाल्या, “टॅक्स भरणार नोकरदार माणसं आणि व्यापारी. आपला काय संबंध बाई त्याच्याशी?”

मी म्हटलं, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय वापरलं सांगा बघू.”

“काय वापरणार? पेस्ट, साबण, चहा, तेल...”

“मग भरला की टॅक्स!”

खरंच आहे. दुकानात आपण वस्तूची किंमत देतो, त्यातच जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भांडी आणि शिलाई मशीन यांवरचा १२ वरून ५ वर आला. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या चपला-बुटांवरही ५ टक्के झाला, म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलेलाही त्याचा फायदा. दर कमी झाले, आनंदच आहे. पण याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत धुणीभांडी करणारी मावशी असो की बंगल्यात राहणारी बाई, दोघी साबणावर सारखाच १८ टक्के कर भरत होत्या. मग ‘आम्ही कर भरत नाही’ असं म्हणायचं कशाला? कर भरणारीला हिशेब मागायचा हक्क असतो, आणि आपण सगळ्या कर भरणाऱ्याच आहोत.

वहीचे तीन नियम

आता भिशीचंच बघा. बाराजणी, दर महिन्याला हजार रुपये, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या ओळखीचा मामला. शाळा न शिकलेली बाईसुद्धा भिशीचा हिशेब तोंडपाठ सांगते. आणि भिशी टिकते ती तीन साध्या नियमांवर.

पहिला नियम : सगळ्यांना विचारल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. दुसरा : ज्या कामासाठी काढले, त्याच कामाला वापरायचे. तिसरा : वही सगळ्यांसमोर उघडायची, आणि पैसे जिच्याकडं असतील तिनंच हिशेब तपासायचा नाही, दुसरीनं तपासायचा.

गंमत अशी, की आपल्या राज्यघटनेतही हेच तीन नियम आहेत. फक्त शब्द मोठे आहेत. कायद्याशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असं कलम २६५ सांगतं. सरकारचा सगळा पैसा ‘एकत्रित निधी’त जमा होतो आणि सभागृहाच्या मंजुरीशिवाय त्यातून खर्च करता येत नाही. प्रत्येक खात्याला किती पैसे हवेत, त्याची ‘मागणी’ सभागृहापुढं येते. ती पटली नाही तर आमदार ‘कपात सूचना’ मांडू शकतात. अगदी शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपातसुद्धा मांडता येते. शंभर रुपयांनी सरकारचं काय बिघडणार? पण त्या निमित्तानं मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. मग विनियोजन विधेयक मंजूर होतं, तेव्हा कुठं तिजोरी उघडते. वर्ष संपल्यावर महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, हिशेब तपासतात. तो अहवाल लोकलेखा समितीकडं जातो. देशात ही समिती १९२१ साली सुरू झाली, आणि संसदेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडं देण्याचा पायंडा आहे. वही एकीकडं, तपासणारी दुसरी... आपल्या भिशीसारखंच की!

नियम चांगलेच आहेत. प्रश्न आहे तो पाळण्याचा.

दीड हजाराची गोष्ट

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ. २८ जून २०२४ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला आणि ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये. वर्षाचा अंदाजे खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला. ऑगस्टमध्ये पैसे खात्यावर यायला लागले.

हे पैसे ‘फुकट’ आहेत, बायकांना लाडावून ठेवतात, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचा म्हणून रुपया आला नव्हता, तिला दीड हजार म्हणजे काय, हे एसीत बसून कळत नाही. त्यातून कुणी औषधं आणली, कुणी मुलीची फी भरली, कुणी पिको-फॉलचं मशीन घेतलं. माझा मुद्दा वेगळा आहे. योजना चांगली असेल तर ती टिकली पाहिजे, आणि टिकायची असेल तर तिचा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख पाहिजे.

आता तीन नियम लावून बघा. अर्थसंकल्प मांडून दोन आठवडे व्हायच्या आत, जुलै २०२४ मध्ये, सरकारनं ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आणल्या. त्यातले २५ हजार कोटींहून जास्त महिला व बालविकास खात्यासाठी होते. पुरवणी मागणी म्हणजे आधी ठरवलेले पैसे पुरले नाहीत म्हणून मधेच मागितलेले पैसे. त्यात गैर काही नाही. २०१९ सारखा महापूर आला, तर कुणाला आधी ठाऊक असतं? पण अर्थसंकल्पाची शाई वाळते न वाळते तोच एवढी मोठी रक्कम मागितली, तर घरातली सासूबाईसुद्धा विचारेल, “अगं, परवाच तर महिन्याचा हिशेब मांडलास. मग तेव्हा हे दिसलं नाही का तुला?” आणि हे सगळं अधिवेशन जेमतेम अडीच आठवड्यांचं. एवढ्या रकमेवर खात्याखात्यानं, बारकाईनं बोलायला वेळ किती मिळणार?

दुसरा नियम. मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३६ कोटी वळवण्यात आले. सरकारचं म्हणणं, की हा निधी त्याच समाजांतल्या लाभार्थी बहिणींसाठी आहे. पण सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. एका डब्यातले दुसऱ्या डब्यात घातले तर पहिला डबा रिकामा होतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वसतिगृहातल्या मुलीच्या डब्यातून काढून तिच्याच आईच्या हातात दिले, तर त्या घराला नवीन काय मिळालं?

तिसरा नियम, तपासणीचा. विधानसभेची निवडणूक झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. अर्जांची कसून तपासणी सुरू झाली ती त्याच्यानंतर. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं आढळलं आणि त्यांचा लाभ थांबवला. त्याच सुमारास १४ हजार २९८ पुरुषांनी या योजनेचे पैसे घेतल्याचं बाहेर आलं. पुरुषांनी! भिशीत असं झालं असतं तर आपण त्या महिन्यातच वही मागितली असती.

आणि याची झळ कुणाला बसली? लबाडी करणारा निसटतो, धावपळ होते ती खऱ्या गरजू बाईची. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झालं, त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. मग ज्या विधवा आहेत, ज्यांना नवऱ्यानं टाकलंय, वडील हयात नाहीत, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ‘एकट्या बाईचं काय?’ हा प्रश्न सभागृहात योजना मंजूर होतानाच कुणी लावून धरला असता, तर त्या बाईला सेतू केंद्राच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या. प्रश्न न विचारण्याची किंमत अशी शेवटच्या रांगेतल्या बाईला मोजावी लागते.

अर्ध्या तासात सगळं मंजूर

हे फक्त आपल्या राज्यात होतं असं समजू नका. आणि एकाच पक्षाच्या राज्यात होतं असंही समजू नका. संसदेत एक शब्द आहे, ‘गिलोटीन’. फ्रान्समध्ये मुंडकं उडवायच्या यंत्राचं हे नाव. ज्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा व्हायची राहून गेली, त्या सगळ्या शेवटच्या दिवशी एका झटक्यात मंजूर करायच्या, त्याला गिलोटीन म्हणतात. दरवर्षी काही खात्यांचं असं होतंच. पण १४ मार्च २०१८ ला लोकसभेत गोंधळ चालू असतानाच सगळ्याच खात्यांच्या मागण्या आणि वित्त विधेयक अर्ध्या तासाच्या आसपास, चर्चेविना मंजूर झालं. २०२३ च्या मार्चमध्येही सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पाचं तसंच झालं. सत्ताधारी म्हणाले विरोधकांनी गोंधळ घातला, विरोधक म्हणाले सरकारला चर्चा नको होती. दोघांच्या भांडणात हिशेब राहिला बाजूला.

चार किलो मिरची घेताना आपण देठ मोडून बघतो, वास घेतो, दोन दुकानं फिरतो. आणि देशाचा वर्षाचा खर्च अर्ध्या तासात?

कागलच्या वहिनींचे दागिने

याच्या अगदी उलटं उदाहरण आपल्याच मातीत आहे, म्हणून ते सांगायचा मोह आवरत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आपण शाळेत वाचलं, गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून. पण ते आपल्याकडचे विद्यार्थी, हे किती जणींना माहीत असतं? जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील नोकरीला कागलात. मुलगा लहान असतानाच, १८७९ मध्ये वडील गेले. थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, कागलात पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायला लागले. गोपाळ मॅट्रिक झाला, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला. त्या वेळी वहिनींनी आपले दागिने विकायला काढून दिले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. मग तो आपल्या राजाराम कॉलेजात शिकला, पुढं मुंबईला जाऊन पदवीधर झाला.

हाच मुलगा १९०२ साली कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला. सगळे सरकारची वाहवा करत होते, कारण तिजोरीत पैसा शिल्लक पडला होता. गोखल्यांनी आकडे मांडून उलटंच सांगितलं : दुष्काळ आणि प्लेगनं माणसं गांजलेली असताना शिल्लक पडते, याचा अर्थ सरकार गरजेपेक्षा जास्त कर गोळा करतंय. मिठावरचा कर कमी करा, हा त्यांचा धोशा. कारण मीठ गरिबालाही लागतं, आणि कर वाढला की गरीब घरात मीठसुद्धा हात आखडून वापरतात. तेव्हा मिठावर मणामागं अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना द्यायचं कारण नाही, पण वर्षामागून वर्ष तो प्रश्न त्यांनी सोडला नाही, हे खरं.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्या कौन्सिलात गोखल्यांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारच नव्हता! नुसतं बोलता यायचं. सरकार ऐको न ऐको. तरीही हा माणूस महिनोन् महिने सरकारी अहवाल उपसून, आकड्यांची जुळवाजुळव करून जायचा. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर त्यांना आकडेवारीत मदत करायचे.

गोखल्यांकडं मत नव्हतं, पण अभ्यास होता. आपल्या आजच्या प्रतिनिधींकडं मत आहे. अभ्यास किती आहे, हे आपण विचारायचं. कागलच्या वहिनींनी ज्या शिक्षणासाठी दागिने काढून दिले, त्याचं चीज झालं ते असं. तो अभ्यास आज आमदार-खासदारांना मोफत उपलब्ध आहे, कागद त्यांच्या टेबलावर येतात.

बायकांनी विचारलं, तेव्हा...

बायकांनी विचारलं तर काही होतं का? होतं! १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या असूनही महागाईविरुद्ध एक समिती केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढं मृणालताई आणि अहिल्याताई १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. स्वयंपाकघरातला प्रश्न सभागृहात जातो तो असा.

अलीकडचं सांगायचं तर, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. कुंकू-बांगड्यांना सूट, आणि ज्याच्याशिवाय मुलीची शाळा बुडते त्याच्यावर कर! देशभरातल्या मुलींनी, बायकांनी आवाज उठवला, खासदार सुष्मिता देव यांनी सह्या गोळा केल्या. एका वर्षात, जुलै २०१८ मध्ये तो कर शून्य झाला. १९०३ साली मीठ होतं, २०१८ साली नॅपकिन. प्रश्न एकच, की कर लावताना गरीब घरातल्या बाईचा विचार केला होता का?

कोल्हापूरनं शिकलेले दोन धडे

आपलं गाव तर याबाबतीत पुढंच आहे. टोलचं आंदोलन कोण विसरेल? सुमारे २२० कोटींचा रस्ते प्रकल्प खासगी कंपनीला दिला आणि शहरात फिरायलाच टोल द्यायची वेळ आली. एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसं आणि सर्वपक्षीय कृती समिती उन्हातान्हात उभी राहिली. मोर्चांत बायका मागं नव्हत्या. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. पानसरे अण्णा तो दिवस बघायला नव्हते, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती.

आंदोलन जिंकलं, याचा अभिमान आहेच. पण टोल रद्द झाला म्हणजे पैसे वाचले असं नाही. कंपनीची भरपाई सरकारनं पत्करली. म्हणजे ती गेली सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा आपल्याच साबण-पेस्टच्या करातून. करारावर सह्या होण्याआधी सभागृहातल्यांनी तो ओळ न् ओळ वाचला असता, कलमाकलमाला प्रश्न विचारले असते, तर रस्त्यावर उतरायची वेळच आली नसती. हा पहिला धडा.

दुसरा धडा आणखी जवळचा. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासकच अर्थसंकल्प मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. अधिकारी चांगले असतील, वाईट असतील, प्रश्न तो नाही. पण वही लिहिणारा आणि तपासणारा एकच! घरफाळा आपण भरत होतो, पाणीपट्टी भरत होतो. गल्लीतली गटार तुंबली, बागेतला दिवा गेला, तर सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. आता सभागृह परत आलंय, आणि त्यातल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे विचारणाऱ्याही आपल्यातल्याच असायला हव्यात.

मग करायचं काय?

फार अवघड काही नाही. विधिमंडळाचं आणि संसदेचं कामकाज थेट दाखवतात. सासू-सुनेच्या मालिकेतला एखादा भाग सोडून अधिवेशनात एक दिवस तरी ते बघा. आपले आमदार, खासदार कधी उठतात, कशावर बोलतात, हे डोळ्यांनी दिसेल. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून महिलांसाठी कुठं किती खर्च ठेवला त्याचं वेगळं पत्रक असतं. राज्याच्या बाबतीत तुमच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर हवं असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या अंगणवाडीला यंदा किती पैसे आले, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांना किती आले, त्यातले खर्च किती झाले... एवढंच विचारा.

आणि हळदीकुंकवाला, उद्घाटनाला, बचत गटाच्या मेळाव्याला लोकप्रतिनिधी येतातच. साडी आणि वाण घेतो, तसे त्यांना तीन प्रश्नही द्या. आपल्या भागासाठी किती मागितलं? मंजूर झालं त्यातलं खर्च किती झालं? आणि या वर्षी अर्थसंकल्पावर तुम्ही सभागृहात काय बोललात?

आमच्या काकूंना हे सांगितलं, तर त्या पदर खोचून म्हणाल्या, “एवढंच व्हय? मग मी विचारतो की! भिशीत दहा रुपये कमी आले तर मी सोडतो काय?”

सोडू नका. आपल्या घराची तिजोरी आपण इतकी वर्षं नीट सांभाळली, एका रुपयाचा हिशेब कधी चुकू दिला नाही. ती मोठी तिजोरीही आपलीच आहे. यंदा अधिवेशन सुरू झालं की ‘काय स्वस्त, काय महाग’च्या चौकटीवर थांबू नका, पुढचं पानही वाचा. आणि त्यात आपल्या आमदारांचं नाव कुठं दिसलं नाही, तर पुढच्या मेळाव्यात पहिला प्रश्न तोच विचारा.